राउटरचा दुसरा पासवर्ड

गेल्या दिवाळीनंतर पौड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र होते, खांद्यावर बॅग होती आणि इंटरनेट कंपनीने राउटर तपासायला पाठवल्याचे तो सांगत होता. वॉचमनच्या वहीत त्याने रीतसर नाव लिहिले होते, तेवढ्यावर माझी खात्री पटली. कंपनीला एक फोन करून विचारावे, हे काही सुचले नाही. ‘काका, तुमचे वायफाय शेजारचे कोणीतरी वापरत आहे,’ असे म्हणून त्याने वायफायचा पासवर्ड माझ्याकडूनच बदलून घेतला. मी तो टाइप करत असताना त्याने मानही फिरवली. त्या सभ्यपणावर मी इतका खूश झालो की ‘सुरक्षा पॅक’चे १,५०० रुपये पावती न मागता दिले.

राउटरला दोन पासवर्ड असतात, हे मला नंतर कळले. एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. हा दुसरा आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ‘अ‍ॅडमिन’ असाच होता आणि तो राउटरच्या पाठीवरील स्टिकरवर छापलेलाही होता. त्या तरुणाने त्याच वाटेने आत शिरून डीएनएसचे पत्ते बदलले आणि राउटर बाहेरून चालवण्याची सोयही सुरू करून ठेवली. आपण टाइप केलेले संकेतस्थळ नेमके कोणत्या सर्व्हरवर आहे, हे डीएनएस सांगतो. तोच चोराचा असेल तर नाव बँकेचे आणि पान चोराचे, असे होते.

तीन आठवड्यांनी बँकेचे पान उघडले, तेव्हा पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असे लिहून आले होते. ती इशारत मी ब्राउझरची नेहमीची कुरकुर समजलो आणि पासवर्डपाठोपाठ ओटीपीही त्या पानावर भरला. खात्यातून ४२,००० रुपये गेले. मी लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली, त्यामुळे काही रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली गेली. उरलेल्या रकमेबाबत बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकानेच सोसायचे असते. ओटीपी मीच दिला होता, तेव्हा वाद घालायला जागा नव्हती.

भाच्याने राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी दाबून धरून तो मूळ स्थितीत आणला. सेटिंगचा पासवर्ड लांबलचक ठेवला, बाहेरून चालवण्याची सोय आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) ही दोन्ही बंद केली आणि वायफायच्या सुरक्षेची डब्ल्यूपीए-३ ही नवी पद्धत नसल्यामुळे निदान तिच्या आधीची डब्ल्यूपीए-२ निवडली. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी असला, तरी तो दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो. हा दोष २०११ पासून जाहीर आहे, तरी ती सोय अनेक राउटरमध्ये चालूच असते.

तुमच्या राउटरमध्ये ब्राउझरवरून १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर दिलेल्या पत्त्याने शिरून डीएनएसची जागा आजच पाहावी आणि तेथील आकडे अनोळखी वाटल्यास इंटरनेट कंपनीच्या बिलावरील क्रमांकावर विचारावे. आमच्याच विंगमध्ये तो तरुण आणखी चार घरी गेला होता. त्यांपैकी दोन घरांत तेच आकडे सापडले आणि त्या दोन्ही घरांनी वायफायचा पासवर्ड मात्र अगदी काळजीपूर्वक बदलून ठेवला होता.