चिकित्सा मानसशास्त्र की सार्वजनिक मानसिक आरोग्य?

पदव्युत्तर पातळीवर मानसिक आरोग्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसमोर प्रामुख्याने दोन वाटा असतात: एकेका व्यक्तीच्या त्रासाचे निदान व उपचार शिकवणारे चिकित्सा मानसशास्त्र आणि संपूर्ण लोकसमूहाच्या मनःस्वास्थ्याचा विचार करणारे सार्वजनिक मानसिक आरोग्य.

दोहोंतील फरक नैराश्य मोजणाऱ्या 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीत चटकन दिसतो. तिच्यातील नऊ प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात, म्हणजे बेरीज २७ पर्यंत जाते. सार्वजनिक आरोग्याचा विद्यार्थी हजारो प्रश्नावल्यांमधून १० किंवा अधिक गुण असलेल्यांचे प्रमाण काढतो आणि ते बेरोजगारी, एकटेपणा यांच्याशी ताडून पाहतो. चिकित्सेचा विद्यार्थी मात्र, बेरीज कितीही कमी असो, स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज उत्तर आले की तिथेच थांबून समोरच्या व्यक्तीशी बोलायला शिकतो.

पहिल्या वाटेवर पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष काम अटळ असते, आणि ते किती दमवणारे असते हे माहितीपत्रकांत सहसा लिहिलेले नसते. दुसऱ्या वाटेवर संख्याशास्त्र टळत नाही. तिचा आवाका मात्र मोठा आहे: श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण बरेच घटले, आणि असे यश समुपदेशनाच्या खोलीत मिळणारे नाही.

तरीही केवळ गणिताच्या भीतीने चिकित्सेकडे वळू नये, कारण संशोधन तिथेही वाचावेच लागते. आणि स्वतंत्रपणे उपचार करण्याचा परवाना हवा असेल, तर सार्वजनिक आरोग्याची पदवी त्यासाठी सहसा पुरत नाही.