व्हल्कनची तीन हत्यारं: व्होल्क, व्हीके-बूटस्ट्रॅप आणि व्हीएमए

व्हल्कन या ग्राफिक्स एपीआयमध्ये (प्रोग्रामने ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या फंक्शनांचा संच) सगळं हाताने लिहिलं तर पडद्यावर एक रंगीत त्रिकोण आणायला हजाराच्या आसपास ओळी लागतात. त्यातल्या बऱ्याचशा ओळींचा चित्राशी संबंधच नसतो. ड्रायव्हरमधली फंक्शनं शोधा, ग्राफिक्स कार्ड निवडा, मेमरी मागा, अशी सगळी हमाली. ही हमाली वाचवायला तीन मुक्तस्रोत लायब्रऱ्या आता रूढ झाल्या आहेत: व्होल्क, व्हीके-बूटस्ट्रॅप आणि एएमडीची व्हल्कन मेमरी अलोकेटर, म्हणजेच व्हीएमए. तिन्हींचा परवाना एमआयटी, त्यामुळे विकायच्या गेममध्येही वापरता येतात. परवान्याचा मजकूर तेवढा सोबत द्यायचा. पण तिघींचं वजन सारखं नाही. व्होल्कशिवाय भागतं. बूटस्ट्रॅप शिकून झाल्यावर काढून टाकली तरी चालते. व्हीएमए मात्र टाळू नये.

व्होल्कबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हीच तिची मोठी जमेची बाजू. एक हेडर, एक सी फाइल, संपलं. एरवी व्हल्कनचा प्रत्येक कॉल आधी लोडरकडे (ड्रायव्हर शोधून जोडणारी मधली लायब्ररी) जातो आणि तिथून ड्रायव्हरकडे. डिव्हाइस (निवडलेल्या कार्डाशी जोडणी) तयार झाल्यावर व्होल्क थेट ड्रायव्हरचे पॉइंटर भरून देते, शिवाय एक्स्टेन्शनची फंक्शनं एकेक करून मागायची कटकट जाते. क्रम पाळा: सगळ्यात आधी इनिशियलाइझ, इन्स्टन्स (प्रोग्रामची व्हल्कनशी पहिली जोडणी) झाला की त्याचं लोड, डिव्हाइस झालं की त्याचं लोड. आणि लिंकरला व्हल्कनची लायब्ररी देऊ नका. व्होल्कच्या पॉइंटरची आणि लोडरच्या फंक्शनांची नावं तंतोतंत एकच असतात. दोन्ही एकत्र आली की पहिल्याच कॉलला क्रॅश होऊ शकतो, आणि तो का झाला हे कोडकडे कितीही वेळ बघून कळत नाही. प्रोटोटाइप बंद करणारा मॅक्रो एका फाइलपुरता न लावता पूर्ण प्रोजेक्टला लावा.

व्हीके-बूटस्ट्रॅप इन्स्टन्स, कार्ड, डिव्हाइस आणि स्वॅपचेन (पडद्यावर आळीपाळीने दाखवायच्या इमेजांचा संच) ही चार कामं काही ओळींत उरकते. व्हॅलिडेशन लेयर (एपीआयचा चुकीचा वापर पकडणारा थर) चालू करायलाही एक ओळ पुरते. गोम आहे ती तिने न विचारता घेतलेल्या निर्णयांत. स्वॅपचेनसाठी ती आधी मेलबॉक्स मोड मागते, तो नसेल तर फिफो (पडद्याच्या गतीने चालणारा, रांगेचा मोड) घेते. मेलबॉक्समध्ये कार्ड जमतील तितक्या फ्रेम काढत सुटतं. साधा त्रिकोण फिरतोय आणि लॅपटॉपचा पंखा मात्र घोंघावतोय, याचं कारण बहुतेक वेळा हेच. फिफो स्वतः मागून घ्या.

स्वॅपचेनचा फॉरमॅट ती आधी एसआरजीबीचा (रंग साठवायची एक प्रमाण पद्धत) बघते. त्रिमितीय दृश्याला तो योग्यच आहे, पण डिअर इमगुई या इंटरफेस लायब्ररीचे रंग त्यावर फिकट, धुतल्यासारखे दिसतात. आणखी एक: इमेजचा वापर ती ‘कलर अटॅचमेंट’ एवढाच धरते. वेगळ्या इमेजवर चित्र काढून ते स्वॅपचेनवर ब्लिट (कॉपी) करणार असाल, तर ट्रान्सफरचा फ्लॅग जोडावा लागतो, नाहीतर व्हॅलिडेशन बोंब मारते. खिडकीचा आकार बदलल्यावर स्वॅपचेन नव्याने बांधताना जुनी तिच्या हाती द्या. जुनी नष्ट करायचं काम तरीही आपल्याकडेच राहतं.

आता व्हीएमए. व्हल्कनमध्ये एकाच वेळी किती मेमरी अलोकेशन जिवंत ठेवता येतील याला मर्यादा आहे, आणि निदान 4096 चालायला हवीत एवढीच हमी स्पेसिफिकेशन देतं. प्रत्येक बफर आणि टेक्श्चरसाठी वेगळी मेमरी मागणारा कोड छोट्या डेमोत बिनबोभाट चालतो आणि मोठी लेव्हल लोड करताना कोसळतो. व्हीएमए मोठे ब्लॉक घेते (1 जीबीपेक्षा मोठ्या हीपवर, म्हणजे मेमरीच्या साठ्यावर, डीफॉल्ट 256 एमबीचे) आणि त्यातून तुकडे कापून देते. अलाइनमेंट, बफर आणि इमेज शेजारी आल्यावर राखायचं अंतर, हे सगळं ती बघते.

हेडर एकच, पण हजारो ओळींचं. बाहेरून सी, आतून सी++. म्हणून शुद्ध सी प्रोजेक्टमध्येही एक सी++ फाइल ठेवून त्यातच इम्प्लिमेंटेशनचा मॅक्रो लिहावा लागतो, फक्त त्या एकाच फाइलमध्ये. व्होल्कसोबत वापरताना फंक्शनांचे पॉइंटर तिला आपण पुरवायचे असतात; ते विसरलं की अलोकेटर तयार होतानाच घोडं अडतं.

जुने धडे वाचून शिकणाऱ्यांचा गोंधळ ‘सीपीयू टू जीपीयू’सारख्या मेमरी-वापराच्या प्रकारांवरून होतो. आवृत्ती 3.0 पासून ‘ऑटो’ वापरायचं आणि मेमरी मॅप करायची (सीपीयूला पॉइंटरने उघडून द्यायची) असेल तर सोबत होस्ट (सीपीयू) अ‍ॅक्सेसचा एक फ्लॅग द्यायचा. दोन आहेत: सिक्वेन्शियल राइट आणि रँडम. फ्लॅग दिलाच नाही तर मॅप करताना असर्ट (चूक दिसताच प्रोग्राम थांबवणारी तपासणी) फुटतो. सिक्वेन्शियल राइट दिला असेल तर त्या पॉइंटरवर फक्त मेमकॉपी करा, वाचू नका. तिथे मिळणारी मेमरी बहुधा कॅशमध्ये न जाणारी असते, वाचन अतिशय हळू होतं. ‘प्लस-इक्वल’ हेही वाचनच आहे, हे लक्षात येईपर्यंत प्रोफायलरसमोर बराच वेळ जातो. कार्डाने काढलेलं परत वाचायचं असेल तर रँडम घ्या.

लिहून झाल्यावर फ्लश करायला (लिहिलेलं कार्डाला दिसेल असं करायला) विसरू नका. विंडोजवर एएमडी, इंटेल, एनव्हिडिया तिघांच्याही ड्रायव्हरमध्ये मॅप होणारी मेमरी कोहेरंट (लिहिलेलं कार्डाला आपोआप दिसणारी) असते, त्यामुळे फ्लश नसलं तरी तिथे काही बिघडत नाही. चूक उघडी पडते ती फोनवर, मॉडेलचे कोपरे भलतीकडे ताणले जाऊन. बफरचा डिव्हाइस अ‍ॅड्रेस वापरणार असाल तर त्याचा फ्लॅग बफरवर आणि अलोकेटर बनवताना, दोन्हीकडे हवा.

अलोकेटर डिव्हाइसच्या आधी नष्ट करा. काही मोकळं करायचं राहिलं असेल तर तो असर्ट करून थांबतो. हे त्रासदायक वाटतं, पण उपकारच आहेत. अलोकेशनला नावं दिलीत तर लॉगमध्ये गळती कुणाची ते लगेच सापडतं.

राहिले नमुने, म्हणजे शिकण्यासाठीचे तयार प्रोग्राम. व्हल्कनचे नमुने लिहिणाऱ्या सास्चा विलेम्सचा संग्रह एमआयटीचा, ख्रोनोसचा (व्हल्कनचं स्पेसिफिकेशन सांभाळणारी संस्था) अपाचे 2.0 चा, मॉडेल आणि टेक्श्चरचे परवाने वेगळे असतात, ते तपासून घ्या. ख्रोनोसचा संग्रह क्लोन करताना सबमॉड्यूलसकट घ्यावा लागतो, नाहीतर बिल्ड सुरूच होत नाही. विलेम्सचे नमुने वाचायला जास्त सोपे, पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात तसा त्यांचा बेस क्लास आपल्या इंजिनात उचलून आणू नये. तो एकेक तंत्र दाखवायला लिहिलेला आहे. त्यात कित्येक वर्षं दर फ्रेमला क्यू (कार्डाला दिलेल्या कामांची रांग) रिकामी होईपर्यंत थांबलं जायचं. शिकवायला ते ठीक, गेमसाठी सीपीयूचा वेळ वाया. नव्याने सुरू करणाऱ्याने ख्रोनोसचा व्हल्कन 1.3 साठी लिहिलेला हॅलो ट्रँगल आधी उघडावा. त्यात रेंडर पासऐवजी डायनॅमिक रेंडरिंग (रेंडर पास आधी न मांडता चित्र काढायची पद्धत) आहे, कोड बराच हलका होतो.

नमुना कुठलाही घ्या, ‘चित्र तयार’ सांगणारा सेमाफोर (कार्डावरच्या कामांना क्रम लावणारी खूण) कशावरून निवडला आहे ते बघा. फ्रेमच्या क्रमांकावरून निवडला असेल तर बदला. तो स्वॅपचेनच्या प्रत्येक इमेजमागे एक हवा. फेन्स (सीपीयूला मिळणारी खूण) फक्त सबमिट केलेलं काम संपल्याचं सांगतो, प्रेझेंटने (इमेज पडद्यावर दाखवण्याच्या कामाने) सेमाफोर सोडल्याचं नाही. बरेच जुने धडे इथेच चुकतात, आणि व्हॅलिडेशन लेयरच्या नव्या आवृत्त्या आता त्यावर बोट ठेवतात.