स्कायरिम: मारेकऱ्याने आधी खंजीर धरावा

२०११च्या 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममध्ये लपून वार करणारा मारेकरी घडवायचाय? मग सुरुवातीचे पर्क (पातळी वाढली की निवडायच्या खास क्षमता) कुलपं उघडण्यावर घालवू नका, कुलूप पर्कशिवायही उघडतं. आधी 'स्नीक', म्हणजे लपून वावरण्याचं कौशल्य. ते ५० झालं की 'असॅसिन्स ब्लेड' हा पर्क घ्याच: बेसावध शत्रूवर खंजिराचा वार १५ पट बसतो, आणि डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीचे हातमोजे चढवले की ३० पट! काय समाधान आहे त्यात! धनुष्य पर्क घेऊनही तिप्पटच, तरी लांबचा पहारेकरी टिपायला मला तेच लागतं. पावलांच्या आवाजासाठी 'इल्युजन' या जादूच्या शाखेतला मफल मंत्र पुरतो. मात्र मंत्र बिनआवाज करणारा 'क्वायट कास्टिंग' पर्क हवाच, एरवी मंत्राचाच आवाज शत्रूच्या कानावर जातो. खिसेकापूपणा मला आजवर कधी गरजेचा वाटला नाही.