१९९ रुपयांत चोकअप काढून मिळेल

आमच्या जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला विजेच्या खांबांवर एक पिवळा कागद चिकटवलेला दिसतो. ‘नाली, सिंक, संडास चोकअप, फक्त १९९ रुपये.’ खाली मोबाइल नंबर. गेल्या डिसेंबरात मी तो नंबर लावला आणि साडेचार हजार घालवून बसलो.

आदल्या रविवारी घरी वरण-बट्टी होती, पंधरा-सोळा पानं. वरण-बट्टीला तुपाचा हिशोब आपल्याकडे कोणी ठेवत नाही. बट्टी कुस्करायची, वरण ओतायचं आणि वरून वाटीनं तूप. ती सगळी ताटं रात्री गरम पाण्यानं सिंकमध्ये धुतली गेली. थंडी कडाक्याची. सकाळी सिंक तुंबलेलं. बाथरूमचं पाणी मात्र बिनतक्रार जात होतं. तिथंच कळायला हवं होतं, की अडलंय ते सिंकच्या स्वतःच्या पाईपात. पण नळाला पाणी आलेलं, ऑफिसची घाई, खरकट्या भांड्यांचा ढीग. लावला फोन.

तासाभरात मोटारसायकलवर एक तिशीतला माणूस आला. मला भाऊ, बायकोला ताई, आईला माय. पिशवीत मोटरवर फिरणारी स्प्रिंगची वायर. मी विचारलं, “१९९ ना?” तो म्हणाला, “हो भाऊ, १९९ पासून.” तो ‘पासून’ मी ऐकला आणि सोडून दिला.

सिंकखाली त्यानं वाकूनही पाहिलं नाही. मला म्हणाला, “भाऊ, तुम्ही बाहेर चेंबरपाशी उभे राहा, पाणी आलं की आवाज द्या.” बायकोला अंगणातल्या चुलीवर पाणी तापवायला पाठवलं, “गॅसवर वेळ लागेल ताई.” आई देवघरात. म्हणजे स्वयंपाकघरात तो एकटा. मी चेंबरचं झाकण उघडून वेड्यासारखा आत बघत उभा. मशीन घरघरत होतं. दहा मिनिटांनी आतून हाक आली, “सापडलं भाऊ!”

त्याच्या हातात सिमेंट लागलेला गोणपाटाचा बोळा होता. “बांधकामाच्या वेळचं. गवंडी पाईपाच्या तोंडात कोंबतात आणि काढायला विसरतात.” आता हे खोटंही नाही, गवंडी कोंबतातच, वाळू-सिमेंट आत पडू नये म्हणून. आमचं घर सहा वर्षांपूर्वीचं. मला लगेच पटलं. इतकं पटलं, की त्याच्यासमोरच मी आमच्या गवंड्याला फोन लावून वाट्टेल ते बोललो. बिचारा “असं कसं होईल भाऊ” एवढंच म्हणत राहिला. पैसे गेले त्यापेक्षा हे मला जास्त लागलं. पुढे त्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

मग कसलीशी पांढरी पावडर, वर गरम पाणी, फसफस, वाफ. पाणी खळखळ गेलं. आणि हिशोब आला: वायर ३४ फूट, फुटाला ११० प्रमाणे ३७४०. पावडरची ३ पाकिटं, ३५० प्रमाणे १०५०. वर ते १९९. एकूण ४९८९. मी आवाज चढवला, तर तो शांतपणे म्हणाला, “रेट आधी विचारायचा भाऊ, काम झाल्यावर कोणी भांडतं का?” शेवटी ४५०० फोनवरून दिले. पावती मागितली, तर “गॅरंटी तोंडी आहे.”

तो गेल्यावर आईनं तो बोळा फेकायला उचलला. वरून ओला होता. घडी उलगडली, तर आत कोरडा खडखडीत. आई पारोळ्याकडची, अहिराणीत म्हणाली, “पाईपमाईन निंघनं ना रे, मंग कोरडं कसं?” सहा वर्षं खरकट्या पाण्यात पडलेल्या गोणपाटाला वासही नव्हता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पैसे देऊन बसलेल्या माणसाला असलं काही ऐकायचं नसतं.

शुक्रवारी सिंक पुन्हा तुंबलं. त्याचा फोन लागेना. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं, “बॉटल ट्रॅप उघडला का?” सिंकखाली ती वाटीसारखी वस्तू असते ना, तीच. खाली बादली ठेवली, हातानं फिरवली, निघाली. आत मेणासारखं गोठलेलं तूप, त्यात भाताची शितं आणि बट्टीचा चुरा. त्याच्या वायरनं त्यातून नुसतं भोक पाडलं असणार, चार दिवसांत ते बुजलं. वाटी घासली, पुढच्या पाईपासाठी ९० रुपयांचा रबरी पंप आणला, सिंकमध्ये रबर बुडेल एवढं पाणी ठेवलं, जास्तीचं पाणी जायचं वरचं भोक ओल्या फडक्यानं दाबलं आणि पंधरा-वीस वेळा दाबून सोडलं. झालं. उकळतं पाणी मी मुद्दाम टाळलं, पीव्हीसी त्यानं मऊ पडतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरला. कोणी ॲसिड ओतायला सांगेल, ओतू नका. आत आधीची ब्लीचिंग पावडर असली तर क्लोरीन वायू होतो, तो छातीत जातो. आणि सिंकमध्ये कॉस्टिक सोडा टाकला असेल तर ट्रॅप उघडताना तेच पाणी हातावर येतं, भाजतं.

मग टेप घेऊन सिंकपासून चेंबरपर्यंत मोजलं. ११ फूट. ३४ फूट वायर गेली असती तर चेंबरवर उभ्या असलेल्या माझ्या पायाला येऊन लागली असती! तिथं तर टोकसुद्धा दिसलं नव्हतं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पावती, बिल, पत्ता यांतलं माझ्याकडे काहीच नव्हतं. एक पिवळा कागद आणि पैसे गेल्याचा मेसेज.

शेवटी बायकोच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून उचलला. म्हटलं, “चार दिवसांत पुन्हा तुंबलं, गॅरंटी होती ना?” क्षणभर थांबला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “भाऊ, गॅरंटी गोणपाटाची होती. गोणपाट परत अडकलं असेल तर सांगा, फुकट काढून देतो.”