कम्युनिटी कॉलेजातील इंटिरिअर डिझाइनची पदविका: वर्ष पूर्ण झाल्यानंतरचा अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्यातील एका कम्युनिटी कॉलेजात इंटिरिअर डिझाइनचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. पुण्या-मुंबईतील खासगी संस्थांची फी आणि तेथे राहण्याचा खर्च झेपणारा नाही, हे स्पष्ट झाल्यावरच मी येथे अर्ज केला होता. त्यामुळे पहिले काही आठवडे आपण तडजोड केली आहे, ही भावना मनातून जात नव्हती. आज ती राहिलेली नाही. कॉलेजाचे नाव मात्र मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या मन लावून शिकवणाऱ्या शिक्षकांच्या माथी बसू नयेत, असे मला वाटते.

आपल्या देशात पहिले कम्युनिटी कॉलेज १९९५ साली पुदुच्चेरीत सुरू झाले. परिसरातील लोकांना परिसरातच उपयोगी पडेल असे कौशल्य कमी खर्चात शिकवावे, हा या कॉलेजांमागचा विचार आहे. आमच्या वर्गाकडे पाहिले की तो विचार समजतो. बारावी झालेल्या मुलामुलींबरोबर वडिलांचा सुतारकीचा धंदा पुढे नेणारा एक तरुण होता, घरातील दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या एक काकू होत्या आणि लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा वही हातात घेतलेली मी होते. तास दुपारी दोन ते पाच असत, त्यामुळे सकाळची कामे आटोपून एस.टी.ने येणे जमत असे.

पहिल्या सत्रात रंगसंगती, फर्निचरचा इतिहास आणि हाताने आरेखन हे विषय होते. रंगसंगती आणि इतिहास कोणत्याही पुस्तकातून शिकता येण्याजोगे आहेत, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही. माप घेण्याचे शिक्षण मात्र मला अन्यत्र मिळाले नसते. कॉलेजपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर एक जुने कौलारू घर होते आणि त्याचे माजघर मोजण्याचे काम आम्हांला दिले होते. आम्ही लांबी-रुंदी घेतली, बारा फूट गुणिले दहा फूट असे लिहिले आणि वही मिटली. मॅडमनी ती पुन्हा उघडायला लावली व दोन्ही कर्ण मोजण्यास सांगितले. दोन कर्णांत साडेतीन इंचांचा फरक निघाला, म्हणजे खोली काटकोनात नव्हतीच. त्यानंतर प्रत्येक भिंत जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि दाराच्या चौकटीच्या वर अशी तीन ठिकाणी मोजली, तेव्हा जांभ्याच्या भिंतीचा गिलावा मधोमध बोटभर पुढे आल्याचे दिसले. अशा भिंतीत कागदावरच्या मापाने कपाट करून आणले, तर एका बाजूला ते अडकते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. वर्षभरात शिकलेल्या गोष्टींपैकी मला सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट हीच आहे.

साहित्याचा विषयही असाच हाताने शिकवला गेला. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या प्लायमध्ये आयएस ३०३ आणि आयएस ७१० अशा दोन भारतीय मानकांचा भेद असतो. यांपैकी दुसऱ्या, म्हणजे मरीन प्लायच्या मानकात ७२ तास उकळत्या पाण्यात टिकण्याची कसोटी आहे. हे फळ्यावर लिहून न थांबता मॅडमनी दोन्ही प्रकारांचे हातभर तुकडे एका मोठ्या टोपात उकळत ठेवले. आयएस ३०३ मधील साध्या एमआर, म्हणजे केवळ ओलावा सोसणाऱ्या, प्लायच्या कडा त्याच दुपारी उकलल्या आणि थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटे झाले. मरीन प्लायचा तुकडा काळवंडला, पण एकसंध राहिला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातील कपड्यांनाही बुरशी येते. येथे काम करू इच्छिणाऱ्याने तो उकललेला तुकडा एकदा हातात धरायलाच हवा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग पडतात आणि मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेली ३१६ प्रत अधिक टिकते, हेही आम्ही एका किनाऱ्यालगतच्या घराच्या बिजागऱ्या पाहून शिकलो.

दुसऱ्या सत्रातील प्रकल्पांपैकी चिपळूणचा प्रकल्प विशेष उल्लेखनीय होता. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यांवरील प्लायचे फर्निचर फुगून निकामी झाले. आमच्या वर्गातील दोघींच्या घरी हेच घडले होते. अशाच एका तळमजल्याच्या घराची पुनर्रचना आम्हांला करायची होती. ओट्याखाली प्लायच्या खणांऐवजी कडप्प्याच्या फळ्या, विजेचे बोर्ड व इन्व्हर्टर शक्य तितके वर, आणि भिंतीला जखडलेल्या कपाटांऐवजी दोघांना उचलून माळ्यावर नेता येईल असे सुटे सामान, असा आराखडा अखेरीस तयार झाला. तो दिसायला साधा आहे. तरीही ज्या घरातील माणसांनी एकदा चिखल उपसला आहे, त्यांच्यासमोर तो मांडताना एकाही गोष्टीचे समर्थन करावे लागले नाही.

आता उणिवांविषयी. संगणक कक्षात चोवीस विद्यार्थ्यांमागे नऊच संगणक चालू स्थितीत होते, त्यामुळे ऑटोकॅड या संगणकावरील आरेखनाच्या प्रणालीचा प्रत्यक्ष सराव आठवड्याला जेमतेम दीड तास मिळे आणि त्रिमितीय चित्रे काढण्याचे स्केचअप तर शेवटच्या महिन्यात घाईघाईने उरकले गेले. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता, ते या विषयात मागे पडले, आणि अशा कॉलेजात बहुसंख्य विद्यार्थी तेच असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रकाशयोजनेचा अभ्यासक्रमही स्लॅबचे छत आणि त्याखालचे फॉल्स सीलिंग गृहीत धरून आखलेला आहे. कौलारू छपराखाली असे सीलिंग ठोकले, तर वर उंदीर आणि खाली दमट हवा कोंडते. काचेचे एक कौल बसवल्याने माजघरात दिवसा किती प्रकाश येतो, याचा मात्र त्यात उल्लेखही नाही. तो भाग मॅडमनी स्वतःहून एका शनिवारी शिकवला.

सर्वांत मोठी तक्रार प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची आहे. प्रवेशाच्या वेळी तीन महिन्यांच्या उमेदवारीची सोय कॉलेज करील असे सांगितले होते. प्रत्यक्षात एक पत्र हातात देऊन जागा स्वतः शोधा असे सांगण्यात आले. मी एका सुतारमिस्त्रींकडे गेले. पहिल्याच दिवशी मी ४५७ मिलिमीटर खोलीचे खण सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, इंच आणि सूत सांगा, म्हणजे पोरं चुकणार नाहीत.” आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरांहून किंचित अधिक, हे गणित मी त्यांच्याकडे शिकले. ते अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यातच असायला हवे, कारण आराखडा कितीही नेमका असला तरी तो करवतीपर्यंत सुतांतच पोहोचतो.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. या पदविकेनंतर स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ती उपाधी नोंदणीकृत पदवीधरांसाठी राखीव आहे. भिंत पाडणे किंवा तुळई हलवणे अशा कामांत अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो आणि तो घेण्याची सवय आमच्या शिक्षकांनी आम्हांला लावली. मुंबईतील मोठ्या कार्यालयात नोकरी हवी असणाऱ्यांना संगणकाचे शिक्षण येथे अपुरे पडेल. मात्र आपल्याच तालुक्यातील घरे, दुकाने आणि पर्यटकांसाठीच्या खोल्या यांची कामे करायची असतील, तर हा अभ्यासक्रम मी निःसंकोच सुचवीन. प्रवेशापूर्वी संगणक कक्ष स्वतः पाहावा, किती संगणक सुरू होतात ते मोजावे आणि उमेदवारीची जागा कोण मिळवून देणार, हे लेखी घ्यावे. शक्य असल्यास कॉलेज जुलैमध्ये पाहावे. आमच्या वर्गाच्या पश्चिमेकडील भिंतीवर पावसाळ्यात उमटणारा ओलाव्याचा नकाशा हाच आमचा पहिला पाठ होता.