‘आर्मेचर जळलंय’ म्हणून माझंच आर्मेचर मला विकलं

उन्हाळा म्हणजे आमच्याकडे चटणीचा सीझन. मी सांगलीत घरूनच कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते. मोठी ऑर्डर डंकावर जाते, पण किलो-दोन किलोची फुटकळ चटणी घरच्या ७५० वॅटच्या मिक्सरवरच होते. सहा वर्षं बिचारा चालला. यंदा ऐन गर्दीत खालच्या जाळीतून ठिणग्या दिसायला लागल्या. मध्येच बंद पडायचा, टपली मारली की परत सुरू.

गावातल्याच एका दुकानात नेला. त्यानं खालची प्लेट काढली, डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ताई, आर्मेचर जळलंय. नवं टाकायला १,६५० होतील." आर्मेचर म्हणजे मोटरच्या आतला, तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेला फिरणारा भाग. दुसऱ्या दिवशी आणायला गेले तेव्हा जुनं दाखवा म्हटलं. काउंटरखालून एक काळंठिक्कर आर्मेचर काढलं. "हे बघा तुमचं." नुसता कोळसा! घरी न्यायला मागितलं तर म्हणाला, "भंगाराचे पैसे वजा करूनच रेट सांगितलाय." मी पैसे दिले, वर ऑर्डर वाचली म्हणून आभारही मानले.

तीन आठवड्यांत मिक्सर खडखडायला लागला. बहिणीचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करतो, तो रविवारी आला होता. "मावशी, उघडू का?" भांडं ज्यावर बसतं तो कपलर उलट्या आट्याचा, तो निघायलाच दहा मिनिटं गेली. खालच्या चार स्क्रूंपैकी तीनच जागेवर. आर्मेचर बाहेर आलं ते चकचकीत, वर वार्निशचा ताजा थर. पण गुंडाळीच्या खाचांमध्ये, त्या थराखाली, लाल काहीतरी दिसत होतं. त्यानं सुई घालून खरवडलं आणि आम्ही दोघंही शिंकलो.

माझीच ब्याडगी! सहा वर्षांची मिरची नव्या आर्मेचरमध्ये कुठून आली? आणि दुकानात दाखवलेल्या त्या कोळशावर मिरचीचा डाग सोडा, वाससुद्धा नव्हता. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मी म्हणे चटणीवाली.

पोरानं मल्टिमीटर काढला. कार्बन म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे. ते जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांचं, म्हणजे कॉम्युटेटरचं, शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांत रीडिंग घेतलं. सगळीकडे सारखं. गुंडाळी तुटलेली किंवा जळलेली असती तर कुठेतरी फरक पडला असता. शाफ्टलाही शॉर्ट नव्हता. म्हणजे मूळ दुखणं फक्त कार्बनचं. कार्बन झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, ते नीट टेकत नाहीत, मग ठिणग्या उडतात. टपलीनं चालू व्हायचा तोही त्याचमुळे. दुकानदारानं बदलले होते तेवढे कार्बनच, तेही मापाचे नाहीत, होल्डरमध्ये डुगडुगत होते. शाफ्टवरची फायबरची पातळ वॉशर तर परत घातलीच नव्हती, आर्मेचर वर-खाली नाचत होतं. खडखड त्याचीच. नव्या कार्बनची जोडी आणि वॉशर मिळून मला ऐंशी रुपये पडले.

भांडायला गेले. "बिल दाखवा." बिल म्हणजे कोरा कागद, त्यावर ‘मिक्सर रिपेर १,६५०’. ना दुकानाचं नाव, ना सही, ना आर्मेचर हा शब्द. पोरगा म्हणतो १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कर. करीन, पण त्या कागदावर कोणाविरुद्ध करू?

मिक्सर, ड्रिल, काहीही कार्बनवाला मोटर दुरुस्तीला देत असाल तर आधी कार्बन काढून दाखवायला सांगा, आणि पार्ट बदलला तर त्याचं नाव बिलावर लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी त्याच दुकानात मिक्सर घेऊन निघाल्या होत्या. थांबवलं. प्लग काढलेलाच होता, खालची प्लेट उघडली आणि आर्मेचरच्या पंख्याच्या पात्यावर मुलीच्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला. काल दुकानातून फोन आला : आर्मेचर जळलंय, नवं टाकावं लागेल. वहिनींनी टाका म्हणून सांगितलंय. उद्या आणायला जायचंय, मीही सोबत जाणार आहे.