दहा हजार किलोमीटरची ‘फ्री’ सर्व्हिस, बिल ७,६४०

तिसरी सर्व्हिस फ्री म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर यांचे पैसे द्यावेच लागतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या छोट्या पेट्रोल गाडीचं ते सगळं मिळून २,३४० रुपये झालं. बिल हातात पडलं ते ७,६४० चं. मधल्या ५,३०० रुपयांत काय काय होतं ते सविस्तर सांगते, कारण ओळखीच्या गाडीवाल्यांशी बोलल्यावर कळलं की हीच यादी थोड्याफार फरकाने सगळ्यांपुढे ठेवली जाते.

सकाळी गाडी सोडली तेव्हा जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या कागदावर, दहा हजारची सर्व्हिस आणि वॉशिंग एवढंच होतं. एस्टिमेट अडीच हजार. दुपारी सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन आला. सगळी मेख या फोनमध्ये आहे. गाडी रॅम्पवर चढलेली, आपण ऑफिसात कामात. “मॅडम, इंजिनमध्ये कार्बन भरपूर साचलाय, डिकार्बनायझिंग करावं लागेल. त्यासोबत इंजेक्टर क्लिनिंगपण घेऊ. एअर फिल्टर तर पार चोक आहे. आत्ता नाही केलं तर उद्या वॉरंटीचा क्लेम अडकतो, मग आमच्या हातात काही राहत नाही.” वॉरंटीचं नाव निघालं की समोरचा “बरं, करा” म्हणणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता हा कार्बन, म्हणजे इंधन जळून इंजिनात साचणारी काजळी. डिकार्बनायझिंग म्हणजे ती केमिकलने साफ करणं, आणि इंजेक्टर म्हणजे इंधन फवारणारा भाग. आमच्यासारख्या साध्या पेट्रोल इंजिनात इंधन इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) मागच्या बाजूलाच फवारलं जातं, त्यामुळे तिथली घाण बऱ्यापैकी धुतली जाते. व्हॉल्व्हवर थर बसण्याची तक्रार मुख्यतः डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनांची, आणि तिथेही ती दहा हजारला सहसा येत नाही. शिवाय इंजिन न उघडता, आत कॅमेरा न घालता हा कार्बन दिसला कसा? विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, अनुभवाने कळतं.” या अनुभवाचे १,७५० रुपये. इंजेक्टरचे ९५० वेगळे.

एअर फिल्टरचे ४६० लावले होते. मी म्हटलं, जुना फिल्टर दाखवा. बराच वेळ गेला, मग एक पोरगा वर्तमानपत्रात गुंडाळून फिल्टर घेऊन आला. काळाकुट्ट, घडीत वाळलेलं पान अडकलेलं. बघणाऱ्याची खात्रीच पटावी असा. फक्त तो जवळजवळ चौकोनी होता आणि आमच्या गाडीचा एअर बॉक्स, म्हणजे फिल्टर बसतो तो डबा, लांबट आहे. तिथेच बॉनेट उघडायला लावलं. बऱ्याच गाड्यांत या डब्याला नुसत्या क्लिपा असतात, पान्याचीही गरज लागत नाही. झाकण उचललं तर आत आमचाच जुना फिल्टर, हवा मारून पुन्हा बसवलेला, कोपऱ्यांत धूळ तशीच. पोरगा खाली मान घालून उभा होता. त्याच्यावर काय चिडायचं, त्याला ज्याने पाठवलं तो आत काचेच्या केबिनमध्ये बसला होता.

मग बाकीचं बघायला घेतलं. व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) आणि बॅलन्सिंग (रिमवर छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं), ८९०. अलाइनमेंट मशीन आधीचे-नंतरचे आकडे छापून देतं. तो कागद मागितला तर “प्रिंटर बंद आहे”. रिमवरची वजनं जुनीच, चिखलाने माखलेली. टायर रोटेशनसमोरही, म्हणजे टायरच्या जागा आपसात बदलण्यासमोरही, बरोबरची खूण होती, पण पार्किंगमध्ये कठड्याला घासलेला पुढचा डावा टायर पुढे डावीकडेच होता. एसी ट्रीटमेंटचे १,२५० म्हणजे गाडीत मारलेला मोगऱ्याचा वास.

हे सगळं ताडून बघायला मेकॅनिक असावं लागत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सचा तक्ता असतो, किलोमीटरप्रमाणे काय तपासायचं आणि काय बदलायचं याचा. आमच्या तक्त्यात दहा हजारला एअर फिल्टरपुढे ‘तपासा’ आहे, ‘बदला’ थेट चाळीस हजारला. डिकार्बनायझिंगची तर ओळच नाही. वॉरंटीसाठी या तक्त्यातली सर्व्हिस वेळेवर करणं महत्त्वाचं. त्याबाहेरचं काम नाकारलं म्हणून वॉरंटी जाते असं कोणी म्हणालं, तर ते लेखी द्यायला सांगा. आम्हाला कोणी दिलं नाही. वॉरंटीची ही भीती जुनीच आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्या आदेशात, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही बजावलं होतं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, तो भाग वेगळा.

मॅनेजरने फिल्टरचे आणि बॅलन्सिंगचे पैसे लगेच परत केले. पुरावा समोरच होता. डिकार्बनायझिंग आणि इंजेक्टरबद्दल मात्र “केमिकल वापरलं गेलंय” हे पालुपद. मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो, जॉब कार्ड, बिल असं सगळं ईमेल केलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर तेही पैसे आले. मोगऱ्याचे नाही आले.

पैसे परत घेताना आणखी एक गोष्ट करून घ्या. नुसती रक्कम खात्यात आली म्हणून थांबू नका, सुधारित बिल मागा. आमच्या गाडीच्या सर्व्हिस हिस्टरीत दहा हजारला फिल्टर बदलल्याची नोंद तशीच राहिली होती. ती काढून टाकायला पुन्हा एक ईमेल आणि मॅनेजरला दोन-तीन फोन करावे लागले.